इशाऱ्यांचा पूर

“मी असताना डिस्क भरेल? अशक्य!” पहारेकऱ्याने ऐटीत चहाचा कप खाली ठेवला.

ऑफिसचा मेल सर्व्हर सांभाळतो म्हणून सगळे त्याला पहारेकरी म्हणत, आणि गड्याला ते आवडेही! कुणाच्या मेलची फाइल जरा फुगली, डिस्कवर जागा कमी झाली, की त्याने लिहिलेला प्रोग्राम लगेच त्याला इशाऱ्याचा मेल धाडी.

“नक्की ना रे?” हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलं. त्यांचा मुलगा जहाजावर नोकरीला. सुट्टी मिळाली का, ते तो आज ऑफिसच्या पत्त्यावर कळवणार होता. संध्याकाळी जहाज सुटलं की संपर्क बंद!

“ताई, निर्धास्त राहा!”

दुपारी डिस्क काठोकाठ भरली. मेल येईना, जाईना! साहेब केबिनमधून गरजले. पहारेकऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“जुने मेल खोडा! सगळ्यांनी!” जेवणाचा डबा तसाच टाकून तो टेबलाटेबलापाशी ओरडत सुटला. लोकांनी खोडखोड खोडलं, पण जागा तसूभर वाढेना.

ताईंपाशी येऊन तो थबकला. त्या डोळे पुसत मुलाचे जहाजावरचे फोटो एकेक करून खोडत होत्या.

“अहो, हे काय करताय?”

“तूच म्हणालास ना, जागा करा म्हणून? हे पाहून झालेत रे. आजचा तेवढा यायला हवा.”

पहारेकरी तडक आपल्या जागेकडे धावला. त्याने डिस्कवरची सगळ्यात मोठी फाइल शोधली. ती त्याच्याच मेलची निघाली!

आत हजारो इशारे! प्रत्येकाला सगळ्या फाइलींची लांबलचक यादी जोडलेली. इशारा आला की फाइल फुगे, फाइल फुगली की नवा इशारा! आणि कटकट नको म्हणून या शहाण्याने ते सगळे परस्पर वेगळ्या कप्प्यात टाकायची सोय केलेली. तो कप्पा त्याने कधी उघडलाच नव्हता.

त्याने सगळे इशारे मुळापासून पुसले. मेल धडाधड येऊ लागले. लोकांनी खोडलेलं सारं कचरापेटीत तसंच पडून होतं. त्यातून ताईंचे फोटोही त्याने परत आणून दिले.

“आला! आला रे!” ताई ओरडल्या. सगळे जमले. त्या मोठ्याने वाचू लागल्या, “आई, सुट्टी मिळाली, पुढच्या बंदरात उतरून येतोय! मेल दोनदा परत आला. तुमच्या ऑफिसात सर्व्हरकडे बघायला कुणी माणूस नाही का?”

सगळ्यांच्या माना पहारेकऱ्याकडे वळल्या.

ताईंनी उत्तर लिहायला घेतलं, “आहे की. फार गुणी आहे. माझ्या काळजीने आज जेवलासुद्धा नाही बिचारा!”