पाठीच्या जोरावर भाजलेला केक

"डॉक्टरीणबाई, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण शेकलेली पाठ माझीच आहे."

निवृत्त कंडक्टरकाकांनी अशी डबल बेल दिली तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई टेबलावरच्या केककडे बघत होत्या. केक एका बाजूने टम्म फुगला होता आणि दुसऱ्या बाजूने घसरगुंडीसारखा खाली आला होता. काकांची सून शेजारी मान खाली घालून उभी. घरी केक करून विकायचे तिने नुकतेच मनावर घेतले होते आणि ही पहिलीच मोठी ऑर्डर. दवाखान्यातल्या जुन्या नर्सबाई आज निवृत्त होत होत्या. केक पसंत पडला तर पुढचे सगळे केक हिच्याकडूनच, असा डॉक्टरीणबाईंचा शब्द होता. आणि समोर ही घसरगुंडी.

"हिचा काडीचा दोष नाही," काका म्हणाले. "सगळा पराक्रम या कपाळकरंट्याचा."

झाले होते ते असे. सकाळी ओट्याखालच्या ओव्हनचे दार नीट लागेना. बोटभर फट राहायची. "बाबा, मेकॅनिकला बोलावते," सून म्हणाली. हे काकांना झोंबले. जन्मभर बसचे दार लावलेला माणूस घरात असताना मेकॅनिक?

"अगं, दार म्हणजे दार! जरा उचलायचं, गुडघा लावायचा आणि दणका द्यायचा."

"बाबा, ती बस नाहीये."

"म्हणून तर गुडघा लावतोय. बसला लाथ घालायचो."

काकांनी दार उचलले, गुडघा लावला, दणका दिला. बिजागरी टणकन उडून फ्रिजखाली गेली आणि बोटभर फटीची वीतभर झाली.

"झालं समाधान?" काकूंनी विचारले.

केकचे मिश्रण तोवर भांड्यात ओतून तयार होते. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, उद्या येतो. काकांनी दाराला दोरी बांधली, तर दोरीतून धूर निघाला. खुर्ची टेकवली, तर ती फरशीवरून घसरत जाऊन काकूंच्या पायावर आली. शेवटी त्यांनी ओली चादर गुंडाळली, दाराला पाठ लावली आणि जमिनीवर फतकल मारली.

"बरं झालं," काकू पाय चोळत म्हणाल्या. "रोज पाठ शेकून दे, पाठ शेकून दे म्हणून माझं डोकं खाता. आज घ्या शेकून पोटभर."

एवढ्यात काकांच्या नाकात मैदा गेला. पहिल्या शिंकेला ते हातभर पुढे, दार उघडे, आणि केक एका बाजूने खाली.

"बाबा, शिंकू नका ना!"

"मी काय हौसेनं शिंकतोय? नाक दाब माझं!"

"तिने नाक दाबलं, डॉक्टरीणबाई," काका आता रंगात आले होते. "चादर सुकली, बनियन सुकला, मग वास सुटला. त्यात केकचा कुठला आणि माझा कुठला, तेच कळेना! सून म्हणाली, बाबा उठा, केक गेला तर गेला. मी म्हटलं, पोरी, तुझी ऑर्डर बुडाली तर मी घरात तोंड कुठल्या तोंडानं दाखवू? जागचा हललो नाही. आणि काय सांगू, काचेतून बघतो तर आत बसलेला केक पुन्हा वर येतोय! झोपलेलं बाळ उठून बसावं तसा, हळूहळू! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या."

सुनेने डोळे मिटून घेतले.

डॉक्टरीणबाईंनी मघाशीच चवीपुरता एक तुकडा कापला होता. तो संपला होता. त्यांनी दुसरा कापला, तोही घसरगुंडीच्या बाजूचा, आणि तो तोंडात असतानाच सुनेच्या खांद्यावर हात ठेवला.

"फार सुंदर झालाय गं. आकाराचं काय, कापल्यावर सगळे सारखेच. पुढच्या महिन्यात आमच्या लेकीचा वाढदिवस आहे, तोही तुझ्याकडेच."

मग त्या काकांकडे वळल्या. रोज दोनदा दात घासतो म्हणून शपथा घेणारी माणसे तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

"काका, एकच विचारते. पाठ दाराला लावून बसला होतात ना? मग काचेतून बघत कोण होतं?"