भावजींची सतरा भांडी

त्या शनवारी दुपारी हॉलमधी आमी पाच जनं व्हतो. मी, माझा लेक प्रकाश, सून रेखा, नात मिहू आनि माझे धाकले दीर गनपत भावजी. आनि भावजींची सतरा भांडी.

भांडी काठोकाठ भरल्याली. तांबे, बादल्या, आइस्क्रीमचे रिकामे डबे, मिहूची शाळंची जुनी बाटली. भावजी रोज सकाळी समदं पानी ओतत्यात आनि पुन्हा भरत्यात. हितं सिंगापूरला नळाला रातंदिस पानी असतंय. पन भावजी म्हनत्यात, "नळ लांब हाय." नळ सहा पावलांवर. खिडकीम्होरून एमआरटीची रेल्वे गेली की सतराबी भांड्यांतलं पानी एकदमच थरथरतं. मिहू तवा पाय वर घेऊन बसती.

सोमवारी डासांची तपासनी करनारी बाई आली. लई नीट बोलली. आधी रेखाला इचारलं, एवढ्या पान्यातले मासे कुठं हायत? मंग म्हनली, साचल्यालं पानी चालनार न्हाई, पुढल्या वक्ताला दंड. प्रकाश म्हनला, शनवारी समदी भांडी उपडी करायची. तवापासनं भावजी निम्मंच जेवत व्हते.

त्येंचं मन रमावं म्हनून प्रकाशनं त्या दुपारी सिनेमा लावला. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा, जुन्या काळचा. पडदे वढून घेतले. सिनेमात गोऱ्यांनी येऊन एक घर पेटवलं, आनि अंधारात आमच्या भांड्याभांड्यांत एकेक आग दिसाया लागली. मंग मानसं बादल्या घेऊन पळाली, आग इझली.

"पानी कुठून आलं?" भावजी म्हनले.

ही त्येंची खोडच. कुठल्याबी सिनेमात आग लागली की ह्योच सवाल. प्रकाश म्हनला, काका, खरी गोष्ट हाय, अभ्यास करून काढलाय.

"हिरीवर कोन बसलं व्हतं ते न्हाई दावलं."

मिहूनं इचारलं, कोन बसलं व्हतं?

तिकडं गावी गाववाल्यांनी आमची वस्ती जाळली तवा माझी थोरली, सुमन, आत निजली व्हती. चार वर्सांची. भावजी सोळाचे. बादली घेऊन गावच्या हिरीकडं पळाले आनि रिकामी घेऊन आले. हीर आटली, म्हनले. मी मानलं. चाळीस वर्सं तेच मानून ऱ्हायले.

भावजी टीव्हीकडंच बघत व्हते. "हीर भरल्याली व्हती, वयनी. काठावर चौघं बसले व्हते. वळखीचे. मारलं न्हाई मला. नुसतं म्हनले, बस जरा. मी बसलो."

प्रकाशनं सिनेमा थांबवला. भांड्यांतल्या आगी जागच्या जागी थांबल्या. मंग गाडी गेली, आनि सतराच्या सतरा हालल्या.

रडून काय व्हनार व्हतं. मी म्हनले, "भावजी, तान लागलीया. पानी द्या."

त्येंनी जवळचा तांब्या उचलला, दोनी हातांनी धरून मला दिला. मी समदा पेले. मी पिऊस्तोवर ते हालले न्हाईत. मंग उठले, आनि एकेक भांडं न्हानीत नेऊन आपल्या हातानं वतलं. तेवढा एक तांब्या भरून ठिवला. मिहूनं त्याच्यावर झाकन घातलं.

तुमी कुनी कधी आमच्या घरी आला, तर भावजींकडं पानी मागा. तान नसली तरी मागा. आनि समदं पिऊनच भांडं खाली ठिवा.