सोनचाफ्याच्या पाणीपाळीची हकीकत

श्री जलदेवता प्रसन्न. कुलस्वामी, ग्रामदेवता आणि सकाळी नळास येणारे पाणी, या तिघांस दंडवत घालून लिहिणार लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, फाल्गुन मासी एका राज्यावर पाण्याचे संकट गुदरले, त्याची ही हकीकत. राज्य म्हणावे तर चार इमारतींचे, चाळीस घरांचे, भोवती तट, दरवाजावर पहारा, आणि मध्यभागी हिरवळ ऐसी की पाहणाराचे डोळे निवावे. त्या साली धरण आटले, आणि शहराच्या थोरल्या कचेरीतून फर्मान आले की बागांचे पाणी आवरावे, न आवराल तर नळ तोडू, आणि त्याच आठवड्यात राज्याच्या बोअरचा पंप पाण्याऐवजी हवा ओढू लागला. मग चिटणीस नवाथे यांनी सदर भरविली आणि बागेचे दरोगे त्रिंबकराव उकिडवे यांस आज्ञा केली की नियम तुम्ही लिहावे, तुम्ही जाणते.

त्रिंबकराव जाणते खरेच. हयात कालव्याच्या कचेरीत गेली, चाळीस गावांच्या पाणीपाळ्या लाविल्या, चारी फोडून आपल्या वावरात पाणी वळविणारे किती धरिले त्याची गणती नाही, आणि त्यामुळे माणूस म्हटला की तो पाणी चोरणारच, ऐसा ग्रह मनी पक्का बसला. स्वभाव मूळचा धास्तीचा. ढग दिसला तर पुराची चिंता, न दिसला तर दुष्काळाची. नियम लिहावयास बसले आणि तीन दिवस अन्न गोड लागेना, कारण बागेच्या कडेस, त्यांच्याच सज्जाखाली, एक सोनचाफा उभा होता. तो त्यांच्या कुटुंब द्वारकाबाई यांनी राज्य वसले त्या साली लाविला. बाईंचे गुडघे गेले, तीन मजल्यांचा जिना, दोन वर्षे खाली उतरणे नाही. चाफ्याची फांदी मात्र सज्जापर्यंत चढून आली होती. बाईंनी खुर्चीत बसून आकडीने फुले काढावी, पानात बांधावी आणि पाळीपाळीने एकेका घरी देवास पाठवावी, ऐसा परिपाठ. पुडी घेऊन मोलकरीण पारूबाई जाई आणि येताना त्या घरची खबर घेऊन येई. बाईंचे जगाशी जाणेयेणे ते तेवढेच. आणि चाफा जगत होता तो हिरवळीच्या फवाऱ्यांवर.

नियम तर झाले पाहिजेत. मग त्रिंबकरावांनी लिहिले की फवारे बंद, हिरवळ वाळेल ती वाळू द्यावी, झुडपांस ठिबकच्या नळ्या, पाणी सूर्योदयापूर्वीच, नळी हाती धरून कोणी अंगण धुऊ नये, आणि झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा वीतभर पसरावा म्हणजे ओल उडत नाही. ठिबकची नळी चाफ्यापर्यंत पोहोचेना. तेव्हा शेवटी भीतभीत एक कलम घातले की, घरोघरी रोज सकाळी पिण्याचे पाणी शिळे म्हणून मोरीत ओततात, ते न ओतता प्रत्येक घराने एक कळशी आपल्या मर्जीच्या झाडास घालावी. राज्यात झाडे तीस, घरे चाळीस, हिशेब चोख बसतो. नवाथे यांनी वाचून मान डोलाविली आणि जाता जाता बोलिले, "आणि उकिडवे, तो चाफा नाही तगला तर तोडून टाकू. चार गाड्यांची जागा होईल." 

नियम लागू जाहले आणि त्याच आठवड्यात माळी गेनू वाघचौरे लेकीच्या लग्नास गावी गेला. बाग बिनमाळ्याची. पंधरा दिवस लोटले आणि चाफ्याचे एक पान पिवळे पडले, मग चार पडली, मग सारी फांदी. त्रिंबकराव रोज पहाटे आपली कळशी घालीत. पान पिवळे पाहून दोन घालू लागले, मग स्नानाची बादली अर्धी वाचवून तीही नेऊ लागले. नियम आपणच केला आणि आपणच मोडितो, म्हणोन चोरासारखे इकडेतिकडे पाहात. पाचोळा वरून कोरडा खडखडीत. ते पाहून जीव आणखीच कासावीस. वर सज्जात द्वारकाबाई वाट पाहात बसलेल्या. त्या विचारीत,

"अहो, चाफ्याला पाणी घातलंत?"

"घातलं गं. नियमापुरतं."

"मग कोमेजतोय का तो? आज एकच फूल निघालं. कुलकर्ण्यांची पाळी, त्यांना काय पाठवू?"

"उन्हाचा कडाका आहे."

"तुम्ही मला खोटं सांगताय. तुमचे कान लाल झालेत."

त्रिंबकराव आत गेले आणि देवापुढे उगाच उभे राहिले. त्यांस वाटले, चाळीस गावांची पिके आपण जगविली आणि घरचे एक झाड आपल्या कलमाने मारले, आता हिला तोंड कसे दाखवावे. चैत्र लागला, फुले बंद जाहली, पुड्या जाण्याच्या राहिल्या, आणि पारूबाई खबर आणीनाशी झाली. बाई दिवसभर वाळल्या फांदीकडे पाहात. नवाथे येऊन बुंध्याभोवती पावले टाकून गेले, आणि अक्षय्यतृतीयेस करवतवाला सांगितला आहे ऐसे कळवून गेले. त्या दिवशी त्रिंबकरावांनी पाच कळशा घातल्या.

मग गेनू गावाहून आला. पानपिवळा चाफा पाहून त्याने डोकीची टोपी काढिली, खाली बसला, पाचोळा बाजूस सारिला आणि बोट मातीत घातले. बोट नव्हे, मनगट आत गेले. खालून कुबट घाण सुटली.

"सायेब, हे काय केलं तुम्ही?"

"काय केलं? पाण्यावाचून सुकतोय तो. मी काय कमी—"

"सुकत न्हाई, बुडतोय. चिखल झालाय समदा. मुळ्या कुजाया लागल्यात. एका कळशीनं हे व्हत न्हाई. किती जण घालत्यात?"

 त्रिंबकरावांनी नवाथे यांस बोलाविणे धाडिले, सदर भरली, आणि चौकशी चालली, तो एकेक घर उभे राहू लागले. कुलकर्णी बोलिले, आम्ही चाफ्यासच घालतो, त्याचे फूल आमच्या गणपतीस येते. शेजारचे शेख बोलिले, आमची अम्मी खोलीत फूल ठेवते, तिच्यासाठी. एक म्हणे मी सकाळी आठास, एक म्हणे मी मुलांस शाळेत पोचवून, एक म्हणे सगळे विसरतील म्हणून मी दोन. पारूबाई पदर तोंडास लावून बोलिली की बाईसाहेब मला दुपारी वेगळी बादली देत, साहेबांना सांगू नको म्हणाल्या होत्या. चाळीस घरांच्या कळशा एका बुंध्याशी, आणि पलीकडे बकुळ, करंज, कडुनिंब घशाला कोरड पडून उभे. शेवटी नवाथे घसा खाकरून बोलिले, "आमच्या आईही घालायच्या. मला काल कळलं." सदरेत कोणी हसले नाही. त्रिंबकरावांस मात्र भडभडून आले. पाणी चोरणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते, त्यांच्यासाठी कलमे लिहिली होती. पाणी देणाऱ्यांसाठी एक ओळ लिहावयास ते विसरले.

मग गेनूच्या सल्ल्याने नवा हुकूम निघाला की चाफ्यास महिनाभर कोणी थेंब घालू नये, बुंधा उघडा ठेवावा, भोवती चर खणून ओल काढावी, आणि प्रत्येक घरास एकेक झाड नेमून द्यावे. काही न करण्याचा हा हुकूम त्रिंबकरावांस सर्वांत जड गेला. पहाट होई, हात कळशीकडे जाई, तो आवरून धरावा लागे. बाई विचारीत, "घातलंत?" ते म्हणत, "नाही." बाई म्हणत, "बरं केलंत," पण बरे केले की वाईट हे दोघांसही ठाऊक नव्हते. पाने सारी गळाली. काड्या उरल्या.

अक्षय्यतृतीयेस करवतवाला दरवाजाशी आला. राज्य सारे गच्च्यांत उभे. नवाथे यांनी गेनूकडे पाहिले, गेनूने नखाने खोडाची साल खरवडली, आणि खाली हिरवा पापुद्रा दिसला. "जीव हाय," तो बोलिला. नवाथे यांनी करवतवाल्यास चहा पाजून परत धाडिले आणि गाड्यांचे पुन्हा काढिले नाही.

त्यानंतर बारा दिवसांनी सज्जाच्या फांदीस बोटभर तांबूस कोंब फुटला. प्रथम द्वारकाबाईंनी पाहिला आणि हाक मारिली. त्रिंबकरावांनी पाहिला, आनंदाने डोळे भरले, आणि काही न सुचून त्यांनी भरली कळशी उचलली, तीन मजले उतरले आणि चाफ्याखाली येऊन उभे राहिले. कळशी कलती केली. पाणी काठाशी आले. तो वरून बाई हळूच बोलिल्या,

"अहो."

त्रिंबकराव थांबले. मग कळशी सरळ केली, मागे वळले, आणि पलीकडच्या करंजाच्या मुळाशी सारे पाणी सावकाश ओतिले.  वर बाई खुर्चीत बसून कोंबाकडे पाहात राहिल्या.

ऐसी चाफ्याच्या पाणीपाळीची हकीकत. त्या राज्यात आजही नियम आहे की पाणी घालण्याआधी मातीत दोन पेरे बोट घालावे, ओल लागली तर माघारी फिरावे. राज्यातील सर्व नियमांत हाच पाळावयास कठीण, आणि तो मोडिताना त्रिंबकराव दोनदा सापडले. बहुत काय लिहिणे.