गुपचूप ट्रान्सफर

"या वेळी या कानाचं त्या कानाला कळणार नाही! सगळं माझ्यावर सोड!" भोंगा बायकोला म्हणाला, आणि ते वरच्या मजल्यावरच्या काकूंनाही स्पष्ट ऐकू गेलं.

भोंगा हे त्याला ऑफिसने दिलेलं नाव. तो कुजबुजला तरी तीन टेबलांपलीकडची माणसं माना वर करतात. स्वतःला मात्र तो पक्का आतल्या गाठीचा समजतो. समजू दे बिचाऱ्याला!

थोरली लेक आयव्हीएफने झाली, तेव्हा याने आनंदाच्या भरात दारोदार सांगितलं होतं. मग मावशा, माम्या, शेजारणी सल्ले द्यायला ठाण मांडून बसायच्या आणि बायको न्हाणीघराचं दार लावून रडायची. तेव्हाचे दोन भ्रूण दवाखान्यात गोठवून ठेवले होते. आता त्यातला एक तिच्या गर्भाशयात सोडायचा, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत 'ट्रान्सफर' करायची, असं ठरलं. दुसरं मूल दोघांनाही अगदी मनापासून हवं होतं. तिची अट एकच. झालं तर सांगू, नाही झालं तर आपलं आपण रडू.

आणि डॉक्टरीणबाईंना फोन करायला या शहाण्याने जागा कुठली निवडावी? ऑफिसचा जिना! तिथे नुसतं खाकरलं तरी चारही मजले दणाणतात.

"मॅडम, ट्रान्सफर याच महिन्यात करा! कुणाला कळू द्यायचं नाही हं! मागची तुम्हीच केलीत, पहिल्या फटक्यात झाली!"

खालच्या पायरीवर हेडक्लार्क चहाचा कप घेऊन उभा होता. चहा तिथेच टाकून तो थेट साहेबांच्या केबिनमध्ये. भोंगा मुख्य ऑफिसातल्या कुण्या मॅडमला धरून परस्पर बदली करून घेतोय! साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांना न विचारता तिथे पंखासुद्धा कुणी लावत नाही.

"तुमच्या ट्रान्सफरचं कळलं मला," साहेब गुरकावले.

कुणालाही वाटलं असतं, आधी विचारावं कुठली ट्रान्सफर. पण हे ध्यान गहिवरलं!

"साहेब, बायकोची फार इच्छा आहे हो. वय वाढत चाललंय तिचं."

"आणि मला विचारावंसं वाटलं नाही?"

"तुम्हाला? साहेब, असल्या गोष्टी साहेबांना विचारून करतात का?"

"आजवर इथल्या सगळ्यांची मीच केलीय!"

भोंग्याने खुर्ची घट्ट धरली. "सगळ्यांची?"

"सगळ्यांची! आणि तुमचीही मीच करणार!"

"नको साहेब! मॅडमचा हात फार चांगला आहे!"

"हात कुठवर पोचलाय ते बघतोच!"

संध्याकाळी टेबलावर हुकूम आला. डोंगरापलीकडच्या शाखेत बदली, आणि रुजू होण्याचा दिवस नेमका दवाखान्याने दिलेल्या तारखेचाच! तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात उजेड पडला. तो धावत केबिनमध्ये गेला. दार सताड उघडं.

"साहेब! माझी नाही, गर्भाची ट्रान्सफर!"

बाहेर सगळे कीबोर्ड थांबले. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला, तोंडातल्या तोंडात अभिनंदन केलं आणि हुकूम वरपर्यंत गेलाय, आता फिरवता येणार नाही, असं सांगून टाकलं. केबिनबाहेर हेडक्लार्क मेहुणीच्या वैद्याचा पत्ता घेऊन तयारच होता.

घरी बायको थोरलीची नखं कापत होती. सगळी हकिकत तिने मान वर न करता ऐकली.

"म्हणजे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळलं."

"चुकलो गं. पण आता तारीख पुढे ढकलू. मी इथे नसताना कसं होणार?"

"न व्हायला काय झालं?" तिने करंगळीचं नख कापलं. "तुमचं जे काम होतं ते थोरलीच्या वेळीच आटोपलंय. आता जाताना संमतीपत्रावर तेवढी सही करून जा."