शिंगोटे सरांची हजेरी

शिंगोटे सरांच्या तासाला नुसतं 'हजर' म्हटलं, तर गैरहजेरी लागायची.

"हजर आहेस ते कळतंय, त्याशिवाय बोललास का? दारातून काय दिसतंय ते सांग," सर म्हणायचे. फोनच्या पलीकडून पोरगं सांगायचं, "सर, म्हस रवंथ करतीय." की लागली हजेरी.

हे करोनाच्या टाळेबंदीतलं. सर ओतूरला आमच्या शेजारी एकटेच राहतात, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. त्यांच्या घरात मोबाईलला रेंज नाही. आमच्याकडं मुलीच्या खोलीत येते, नाहीतर गच्चीवर, तीही फक्त पाण्याच्या टाकीमागं, दीड फूट जागेत. मी मोजली आहे. दूध सोसायटीत हिशेब बघतो, अंदाजे बोलणं मला जमत नाही. त्या दीड फुटात सर छत्री उघडून उभे राहायचे आणि शेवटच्या वर्षाच्या बेचाळीस मुलांना शिकवायचे.

तासाची वेळ विजेवर ठरायची. शेतीपंपांना एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. दिवसाची असली की पोरं रानात पाणी भरायला. त्यामुळं "लाईट कवाची हाय?" हे विचारल्याशिवाय सर वेळ सांगायचे नाहीत.

मी टाकी बघायच्या निमित्तानं वर जायचो आणि तिथंच रेंगाळायचो. फोनमधून आवाज यायचे.

"सर, लोणीला वावटळ उठलीय. मेंढरं दिसंनात, नुसत्या घंटा ऐकू येत्यात."

"सर, कळंबला हायवेवर एक पण गाडी न्हाई. मधोमध मोर उभाय."

डोळे मिटले की पोरांची गावं असलेले दोन्ही तालुके पाण्यावर तरंगल्यासारखे माझ्यासमोरून हळूहळू सरकायचे. एकदा एक पोरगी ओरडली, "सर, उसातनं बिबट्या निघालाय!"

"लावली हजेरी. आता दार लाव."

"सर, यातलं परीक्षेला काय येणार?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, कॉलेज बंद, एसटी बंद. पोरांना नुसत्या भिंती दिसायला लागल्यात. दारापर्यंत आली, तर पुढं पुस्तकापर्यंत येतील."

माझी सायली त्याच वर्गात. परीक्षा पुढं ढकलल्या, पुण्याला शिकायला जायचं लांबलं, आणि ती खोलीतच राहायला लागली. जेवण निम्म्यावर आलं, मग पाववर. आमच्याशी बोलणं म्हणजे 'हं' आणि 'नको'. हजेरीत तिचं नाव आलं की म्हणायची, "काही दिसत नाही, सर."

"बरं. मी थांबतो," सर म्हणायचे, आणि खरंच थांबायचे. सगळा वर्ग थांबायचा. मग पुढचं नाव.

पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांशी तिचं फोनवर बोलणंही सरांनीच लावून दिलं. "यात लाजायचं काय नाय," म्हणाले. तरी मला राहवेना. "सर, ती खालीच आहे. जिना उतरा आणि चार शब्द समजावा."

"न्हाई. खाली आलो की मी पावणा. तुमी चहा टाकणार, ती केस विंचरून बसणार आणि 'बरी आहे' म्हणणार. लई वाईट शब्द हाय तो."

म्हणून रोज संध्याकाळी सर गच्चीवरून खालच्या खोलीत फोन करायचे. "काय न्हाई, सहज केला. मी बोलतो, तू ऐक." मग आमटी कशी करपली, मांजर कसं रुसलं, हे सविस्तर. बायकोला हसू यायचं. "अहो, फोनच्या आधी जिन्यातनंच ऐकू येतंय!"

एका रविवारी, तास नसताना, सर वर दिसले. फोन खिशात. समोर हटकेश्वराचा डोंगर उतरत्या उन्हात निळा होत चाललेला.

"सर, आज सुट्टी."

"तेच ना. रविवारी कोण फोन उचलत न्हाई. पोरं आपापल्या माणसांत असत्यात." एवढं बोलून त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला आणि परत ठेवला.

जिन्यात पावलं वाजली. सायली वर आली, कठड्याला टेकून बसली. डोंगराकडं बघत म्हणाली, "सर, मला झोप लागत नाही. डोळे मिटले की वाटतं, आता सगळं असंच राहणार."

मी तोंड उघडलं. सरांनी हातानंच थांबवलं.

"मला पण लागत न्हाई," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"मंगल गेली तवापासून. चौथं वर्ष चाललंय."

सायलीनं मान वर करून त्यांच्याकडं नीट पाहिलं. "काकू कशा होत्या, सर?"

इतक्या घरांची खबर ठेवणाऱ्या या माणसाला हे बहुधा कुणी विचारलंच नव्हतं. सर तिथंच फरशीवर बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"ती ना," ते म्हणाले, "भाकरी थापताना गाणं म्हणायची. लई बेसूर."

सायली हसली. मी आवाज न करता खाली आलो आणि बायकोला म्हणालो, चहा आत्ताच टाकू नकोस, वेळ लागेल.