सुलतानीची शोधमोहीम

मांजर पकडावं तर मीच! एकतीस वर्षं मी लामू बेटावरच्या शाळेत भूगोल शिकवला. खिडकीतून पळणारी पोरं नुसत्या खाकरण्याने जागेवर बसवली. तिथे मांजरांची काय कथा? म्हणून गावात मांजरांच्या नसबंदीचं शिबिर लागलं, तेव्हा आमच्या गल्लीचं काम मी छाती काढून मागून घेतलं.

मोंबासाहून आलेल्या डॉक्टर नेकेसाबाईंनी बजावलं, "मास्तर, आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगा, पाळलेली मांजरं आत ठेवा म्हणून. ऑपरेशन झालं की खूण म्हणून कानाचं टोक कापतो. रानटी मांजर परत गल्लीत, माणसाळलेलं असेल तर त्याला घर शोधायचं."

"बाई, आमच्या गल्लीतलं प्रत्येक मांजर मला नावानिशी माहीत आहे!"

सोळा घरांना सांगितलं. सतरावं तिमाबीचं. ऐंशीची विधवा, मोतीबिंदूने अधू, माझ्या आईची मैत्रीण. तिच्या ओट्यावर टेकलं की तासभर सुटका नाही, म्हणून दोन वर्षं मी तिकडे फिरकलोच नव्हतो. पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, म्हातारीकडे कुठलं आलंय मांजर! आणि सरळ घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी तळलेल्या माशाचं डोकं पिंजऱ्यात ठेवलं आणि दहा मिनिटांत खटॅक! आत एक पिवळाधमक बोका. अंगाने असा, की गाढवाने वाट द्यावी!

"मालक?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणी नाही. अट्टल रानटी."

"मास्तर, हा तर घुरघुरतोय. माझा हात चाटतोय."

"नाटकी आहे, बाई! फसू नका!"

बाई फसल्या, पण बोक्याला नव्हे, मला. ऑपरेशन झालं, कान कापला गेला, बोका माणसाळलेला पण बेवारस ठरला, आणि पाते बेटावरच्या फाझा गावचा दुकानदार बकारी उंदरांसाठी त्याला मचव्यातून घेऊन गेला. मी मिशीवर ताव दिला.

तिसऱ्या दिवशी दारात तिमाबी. "मास्तर, तू मांजरांच्या कमिटीत आहेस ना? माझा सुलतानी तीन दिवस घरी नाही रे!"

"सु... सुलतानी?"

"पिवळा. हा एवढा. हे गेले त्या वर्षी गलबतावरून आला नि माझ्या पायाशी बसला. लामूतले निम्मे पिवळे बोके त्याचीच लेकरं!"

खरं सांगायचं ते तेव्हाच. पण तोंडातून निघालं, "काळजी नको, तिमाबी. मी शोधतो!"

ती गेल्यावर माझी बायको मुनीरा कमरेवर हात ठेवून उभी. "आत्ता जा आणि सांगा तिला."

"सांगतो ना. जरा योग्य वेळ बघून."

वेळ काही सापडेना, आणि मोहीम मात्र वाढत चालली! रोज सकाळी तिमाबी माझ्यासाठी मंदाझीचे गरम गोड वडे तळून पाठवायची, "शोधणाऱ्याला ताकद हवी" म्हणून. मग माझा हात धरून गल्लीगल्लीतून हाका मारत फिरायची. तिच्यासोबत मीही ओरडायचो, "सुलतानीऽऽ!" तो समुद्रापलीकडे तांदळाच्या पोत्यावर झोपलाय हे ठाऊक असून! लोक म्हणायचे, "शेजारी असावा तर फमाऊ मास्तरांसारखा!" माझे कान भट्टीसारखे तापायचे.

त्याला परत आणावं, तर कापलेला कान सगळं बोलून टाकणार. म्हणून मी काय केलं, सांगायला जीभ रेटत नाही. मासळीबाजारातून तसलंच पिवळं, गुबगुबीत, शाबूत कानांचं मांजर उचललं आणि तिमाबीच्या मांडीवर ठेवलं. "सापडला!"

तिने त्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला. बराच वेळ. मग म्हणाली, "फार कष्ट घेतलेस, मास्तर."

जिंकलो! असं वाटलं. आठ दिवसांनी तिने बोलावलं. कोपऱ्यातल्या टोपलीत सुलतानी पहुडला होता आणि त्याला चार पिलं लुचत होती! आयुष्यभर नकाशावर दिशा दाखवल्या, पण त्या मांजराची दक्षिण बाजू तपासायचं मला सुचलं नव्हतं!

"तिमाबी, हे... म्हणजे निसर्ग..."

"गप बस. मला पहिल्याच दिवशी कळलं. डोळे गेलेत, हात नाही गेले माझे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं तोंड किती उतरलं होतं! वाटलं, माझा बोका मिळेना, म्हातारी रडू नये म्हणून ह्याने दुसरं आणलं. पोटचा मुलगा करणार नाही एवढं केलंस तू."

शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे मात्र सोसवेना. मी तिच्या चटईवर बसलो आणि सगळं ओकलो. टाळलेलं दार, पिंजरा, 'अट्टल रानटी', फाझा, सगळं.

चाचपडत तिने बाजूला पडलेलं एक पिलू आईजवळ सरकवलं. मग तिने विचारलं, "फाझाचा मचवा कधी सुटतो?"

दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. सबंध प्रवासात ती माझ्याकडे पाठ करून बसली. बकारीच्या दुकानात पोहोचलो. तिने नुसतं "सुलतानी" म्हटलं, आणि तो पोत्यावरून उडी मारून तिच्या पायाशी आला. तिने कापलेला कान चाचपला. माझ्याकडे वळलीही नाही. बकारी कुरकुरला, त्याला मी मासळीबाजारातून दोन मांजरं आणून द्यायचं कबूल केलं, शेपूट उचलून नीट बघून.

लामूच्या धक्क्यावर सगळी गल्ली हजर! मी मान खाली घातली. आता ही सगळ्यांदेखत माझी सालटी काढणार, आणि काढावीच.

"अगं तिमाबी, हा सुलतानी? मग घरी आहे ती कोण?" गर्दीतून कुणी विचारलं.

तिमाबीने बोक्याचा कान पदराखाली झाकला. "आमचे मास्तर रीतीने वागतात! आधी बायको शोधून आणली, मग नवरा!"

धक्का हसून हसून फुटायचा राहिला. कुणीतरी माझ्या गळ्यात मोगऱ्याचा गजरा घातला. तिमाबी जाता जाता माझ्या कानाशी पुटपुटली, "आता सांग की त्यांना."

मी तोंड उघडलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मी तोंड मिटलं.

तुम्ही लांबचे, म्हणून तुम्हाला सांगून टाकलं. लामूला आलात, तर कृपा करून आमच्या गल्लीत विषय काढू नका!