करीचा कायदा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, गावंडे काका सकाळी सातला फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येकाची पिशवी पाहतात. पाहून झालं की विचारतात, "काय आनलं?"

मटण म्हटलं तर मान हलते. चिकन म्हटलं तर काका शांतपणे म्हणतात, "म्हंजे भाजी आनली."

कोंबडी ही त्यांच्या लेखी भाजी आहे. फक्त आखाडीला गावरान कोंबडा चालतो, आणि तोही, त्यांच्या शब्दांत, "आखाडीपुरता." करीला बोकडाचं मटण, पुढच्या पायाचं. धुळवडीला मुंडी. दिवाळीची पाहुणी मंडळी परत गेली की मासे. ही यादी त्यांच्या वडिलांनी हिवरखेडला ठरवली, वडिलांना ती आजोबांकडून मिळाली. अमरावतीत घर बांधून काकांना पंचवीस वर्षं झाली, यादीत बदल नाही. कोणी कारण विचारलं तर एकच उत्तर असतं, "हे पंचांगात नसते. घरात असते."

काका एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. काकू गेल्या त्याला सहा. मी त्यांच्या शेजारी राहतो. वर्तमानपत्रात काम करतो म्हणून ते मला साहेब म्हणतात, आणि त्याच दमात, "तुमाले काही समजत नाई," असंही म्हणतात. एकदा करीच्या दिवशी मी ऑफिसातून उशिरा येताना अंडी आणली. पुढचे पंधरा दिवस काकांनी माझ्याशी फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलणं ठेवलं.

मुलगी वैशाली अकोल्याला असते. एसटीने अडीच तास. पण करीला ती येत नाही आणि जावई तर कोणत्याच दिवशी येत नाहीत. त्याची हकीकत गल्लीला माहीत आहे. मी त्या जेवणाला हजर होतो.

लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याची कर होती. जावई शाळेत शिक्षक, घरचे सगळे माळकरी. तिसऱ्या भाकरीपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. जावई वांग्याच्या भाजीशी जेवत होते, काका त्यांच्याकडे पाहत होते. शेवटी काका उठले आणि डाव घेऊन आले.

"बाबा, ते खात नाहीत," वैशाली म्हणाली.

"मले मालूम हाये. बोट्या नाई वाढून राहिलो. नुसता रस्सा हाये." आणि त्यांनी जावयांच्या भाकरीवर रस्सा ओतला. "रश्श्यात कुठं मटन असते?"

जावयांनी हात धुतले. वैशालीही ताटावरून उठली. दोघं चारच्या गाडीने गेली. काका दारात उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बोट्या काढून वाढलं होतं मी." त्यांच्या हिशेबी ती मोठी सवलत होती. आजवर या घरात ती कोणालाच मिळाली नव्हती.

यंदा श्रावणाच्या पहिल्या रविवारी काकांच्या स्वयंपाकघरातून मटणाच्या मसाल्याचा वास आला. भाजलेला कांदा, खोबरं, खसखस, सगळं. समोरच्या देशमुख वहिनी मला म्हणाल्या, "त्याईले म्हना, श्रावण तरी पाळा." श्रावणात काका अंड्याचं नावही घेत नाहीत, म्हणून मी पाहायला गेलो.

ओट्यावर कुकर होता. काकांनी झाकण काढलं. आत पिवळसर, दाट, गुठळ्यांचं काहीतरी होतं.

"हे काय?"

"पाटोडी होती."

पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या. बेसन शिजवून ताटात थापायचं, वड्या पाडायच्या आणि वाढताना वरून मटणासारखाच झणझणीत रस्सा घालायचा. काकांनी वड्या रश्श्यात टाकून कुकरच्या तीन शिट्ट्या केल्या होत्या.

"तीन शिट्ट्या काहून?"

"बोकडाले तीनच लागते."

त्यांनी कुकर, कढई, पातेलं, डाव, सगळं नवं आणलं होतं. एका गंजावर, म्हणजे उभ्या पातेल्यावर, दुकानाची चिठ्ठी तशीच होती. "याच्यात कधी मटन शिजलं नाई," ते म्हणाले. "मसाला बी पाट्यावर नाई वाटला. पाट्याले वास लागते. नवं मिक्सर घेतलं."

हे कोणासाठी, ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या रविवारी वड्या फुटल्या नाहीत, पण चावायला दात लागत होते. तिसऱ्या रविवारी जमल्या. मी तसं सांगितलं. काकांनी एक वडी बोटांत धरून दाबून पाहिली, पुन्हा ताटात ठेवली आणि म्हणाले, "कोपरे पाहा. सरळ नाई." चौथ्या रविवारी कोपरेही सरळ होते.

करीच्या दिवशी सकाळी फाटकाशी खुर्ची नव्हती. लोक पिशव्या घेऊन आले नि गेले, कोणी विचारलं नाही. साडेअकराला मी गेलो. स्वयंपाक झाला होता. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या भाकऱ्या, पाटोडी, नव्या गंजात रस्सा. बोकड नव्हता. चार पाट मांडले होते.

"किती वाजता येतात?" मी विचारलं.

"कोन?"

"वैशाली. जावई."

काका भाकरीवरचं फडकं नीट करू लागले. "त्याईले सांगतलं नाई अजून."

"फोन लावा. अजून वेळ आहे, संध्याकाळपर्यंत येतील."

"आधी जमू द्या नीट. एकदा उठून गेला मानूस. दुसऱ्यांदा उठला तर मंग..." फोन खिडकीत ठेवला होता. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी एका पाटावर बसलो, काका समोरच्या. उरलेले दोन तसेच राहिले. गल्लीत सगळ्या घरांतून मटणाचा वास येत होता. काकांनी मला वाढलं, स्वतः खाल्लं नाही, माझा पहिला घास होईपर्यंत थांबले.

"उत्तम झाली," मी म्हणालो. "फोन लावा."

त्यांनी रश्श्यात बोट बुडवून चाखलं, पुन्हा एकदा चाखलं.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

मीठ बरोबर होतं.